मृत्युपत्रातून विचाराला देणगी : माणसाला, पक्षाला की संस्थेला?

ठाण्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत एक निवृत्त मास्तर राहतात, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मुलगी एकच, ती बंगळूरला. आप्पांची हयात एका राजकीय विचारात गेली. कुठल्या, ते सांगत नाही, कारण पुढचं सगळं डाव्या-उजव्या दोघांनाही सारखंच लागू पडतं. गेल्या महिन्यात त्यांनी वहीच्या पानावर लिहिलेलं मृत्युपत्र वाचायला दिलं. फ्लॅट मुलीला, आणि खाली एक ओळ : 'बाकी सर्व रक्कम आमच्या विचाराच्या कार्यासाठी खर्च करावी.'

बँकेत वारसांचे क्लेम हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हटलं, "आप्पा, चेक कुणाच्या नावाने काढायचा?"

मग आम्ही एकेक वाट तपासायला बसलो.

विश्वासातल्या माणसाच्या हाती

आप्पांच्या मनात हीच होती. अमुक कार्यकर्त्याकडे पैसे द्यावेत, तो बघेल. मी त्यांना विठ्ठलभाई पटेलांची गोष्ट सांगितली. सरदारांचे थोरले बंधू, केंद्रीय कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले हिंदी अध्यक्ष. ऑक्टोबर १९३३ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. काही देणग्या वजा जाता उरलेली मालमत्ता त्यांनी सुभाषचंद्र बोस यांच्या हाती सोपवली होती : भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, त्यातही परदेशात भारताची बाजू मांडण्यासाठी खर्च करायला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १९३९ मध्ये निकाल सुभाषबाबूंच्या विरुद्ध लागला. पैसा त्यांना स्वतःसाठी दिलेला नाही, एका हेतूसाठी दिला आहे. तो हेतू मोघम आहे आणि धर्मादाय, म्हणजे कायद्याच्या अर्थाने लोकोपयोगी, असाही नाही. देणगी रद्द, मालमत्ता वारसांकडे.

देणारे विठ्ठलभाई, घेणारे सुभाषबाबू, तरी ती ओळ टिकली नाही. आप्पांची तर त्याहून मोघम.

यावर एक पळवाट आहे. हेतू न लिहिता रक्कम सरळ त्या माणसाच्या नावावर करायची. कायद्याने ती चालते. पण मग ते पैसे त्याचे. उद्या तो गेला तर त्याच्या मुलांचे. आप्पा म्हणाले, "त्याचा मुलगा तर नेमका उलट्या पक्षात आहे."

पक्षाला

नोंदणीकृत पक्षाला मृत्युपत्राने पैसे द्यायला कायद्याची आडकाठी नाही. पक्षाची कायद्यात ओळख आहे, त्यामुळे मोघमपणाचा प्रश्न येत नाही. वीस हजारांवरच्या देणगीचा तपशील पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावा लागतो, तेव्हा गुपचूप द्यायचं असेल तर ते विसरा. करसवलतीच्या आशेनेही ही वाट धरू नका. ती हयातीत देणाऱ्याला, आणि तीही जुन्या करप्रणालीत.

खरी अडचण दुसरीच. मृत्युपत्र आज लिहितो, उघडलं जातं वीस वर्षांनी. ठाण्यात राहून हे वेगळं सांगायला नको. समजा कुणी २०१५ मध्ये 'शिवसेना' असं लिहून ठेवलं असतं. २०२२ मध्ये फूट पडली, फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला. लिहिणाऱ्याच्या मनात कोण होतं, हे सांगायला तो नाही. राष्ट्रवादीचंही वर्षभराने तसंच झालं. शिवाय पक्षाला दिलेला पैसा अभ्यासवर्गाला जाईल की हेलिकॉप्टरच्या भाड्याला, हे तुमच्या हातात नाही. पक्षावर, म्हणजे त्याच्या नेत्यांपेक्षाही यंत्रणेवर, पूर्ण भिस्त असेल तरच ही वाट. त्यातही मृत्युपत्र कधीही बदलता येतं, हे लक्षात ठेवा. दर विधानसभेनंतर एकदा वाचून काढावं, असं मी अर्धवट गमतीत सांगतो.

काम करणाऱ्या संस्थेला

माझा कौल इथे. विचाराच्या अंगाने काम करणाऱ्या, पण पक्ष नसलेल्या संस्था आपल्या आसपासच आहेत. भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी. म्हाळगी ठाण्याचेच खासदार होते. पनवेलच्या पुढे गोवा महामार्गावर ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटर. दोन्हींची तोंडं दोन दिशांना, पहिलीचं उजवीकडे, दुसरीचं डावीकडे, पण तुमच्या वकिलाला दोन्हींसाठी तेच प्रश्न विचारावे लागतील : नोंदणी क्रमांक काय, उद्दिष्टांत नेमकं काय लिहिलंय, हिशेब तपासलेले आहेत का.

इथे १९३९ चीच दुसरी केस आठवते. लाहोरचे सरदार दयालसिंग मजिठिया १८९८ मध्ये वारले. मृत्युपत्राने त्यांनी 'ट्रिब्यून' हे वर्तमानपत्र आणि छापखाना विश्वस्तांकडे दिला होता. पत्र राजकारणात मुरलेलं, तरी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, करमाफीच्या दाव्यात मानलं की प्रांताला सुशिक्षित लोकमताचं मुखपत्र पुरवणं हे लोकोपयोगी काम आहे. विठ्ठलभाईंनी ध्येय लिहिलं, मजिठियांनी काम.

म्हणून आप्पांना ओळ बदलायला लावली. 'आमच्या विचाराच्या कार्यासाठी' खोडून 'तरुण कार्यकर्त्यांसाठी दरवर्षी घटनेवरचे अभ्यासवर्ग'. मुद्दल कायम निधीत राहावं, व्याजातून वर्ग व्हावेत, हेही लिहिलं. धर्मादाय निधीला आणखी एक आधार आहे. मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं तर धर्मादाय आयुक्त कोर्टाकडे जाऊन तो पैसा जवळच्या हेतूकडे वळवून घेऊ शकतात. पक्षाला दिलेल्या पैशाला ही सोय नाही. तरीही 'ही संस्था तेव्हा नसेल तर अमुक संस्थेला' असं दुसरं नाव घालाच.

स्वतःच्या नावाचा ट्रस्ट मात्र आप्पांना मी काढू दिला नाही. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. पंधरा-वीस लाखांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

काय द्यायचं

रोख किंवा एफडी द्या, जागा नको. ट्रस्टला स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नवी मुंबईत त्यावर सिडकोच्या लीजचे कागद आले. तुमचा वाशीचा वन-बीएचके संस्थेच्या गळ्यात धोंडा होऊन बसू शकतो.

आणि किती देता येतं? हिंदूला स्वतः कमावलेलं सगळं, वडिलार्जित असेल तर आपला हिस्सा. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच.

बाकी कागद सोपा आहे. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. सही करताना दोन साक्षीदार हवेत. संस्थेचा किंवा पक्षाचा माणूस त्यांत नको. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर, आपल्यापेक्षा तरुण आणि शक्यतो ठाण्यातलाच निवडा. मुलीला आधीच सांगून ठेवा. आप्पांच्या लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, वर्गांना मीही आले तर चालेल ना?"

सगळं झाल्यावर मी सवयीने एफडीच्या पावत्या मागितल्या. बँक पैसे देते नॉमिनीला, मृत्युपत्र वाचून नाही. नॉमिनी मालक होत नाही, पण पैसा आधी त्याच्या हातात पडतो. म्हणून व्यवस्थापक आणि नॉमिनी एकच असलेला बरा. आप्पांनी पत्र्याच्या डब्यातून सात पावत्या काढल्या. सातही पावत्यांवर नॉमिनी म्हणून काकूंचं, आप्पांच्या पत्नीचं, नाव. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. सोमवारी आम्ही दोघं नौपाड्याच्या शाखेत जाणार आहोत.