कमी पैशांत जोडलेला, पुढे वाढवता येणारा डेस्कटॉप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पहिला डेस्कटॉप कमी पैशांत जोडायचा म्हटलं की सगळी रक्कम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे धावते. मदरबोर्ड, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट उरल्यासुरल्यात भागवले जातात. हे मशीन उलट्या क्रमाने जोडलेलं आहे. जे भाग पुढे दहा मिनिटांत बदलता येतात ते सुरुवातीला बेताचे घेतले. जे बदलायचे तर सगळं मशीन उसवावं लागतं, ते चांगले घेतले. आठ महिने रोज वापरून, मधे ग्राफिक्स कार्ड, दुसरी रॅम आणि दुसरी एसएसडी घातल्यावर हा क्रम बरोबर होता असं ठामपणे म्हणता येतं. दोन निवडी मात्र चुकल्या, आणि दोन्ही सुरुवातीची बचत अंगाशी आल्याच्याच आहेत.

सुरुवातीचे भाग असे होते: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (जरा लहान आकाराचा) मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५-६००० रॅमची एक स्टिक, ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस आणि पुढून जाळीचं कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड नव्हतं.

कार्डाशिवाय सुरुवात करायची तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असायलाच हवं, आणि नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नाही. मशीन चालू होतं, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. ७६०० मधलं ग्राफिक्स अगदी छोटं आहे. ऑफिसची कामं, व्हिडिओ, कोडिंग यांना ते पुरतं, नव्या खेळांना नाही. मग मोठ्या ग्राफिक्सचा ८५००जी किंवा ८६००जी का नको? कार्ड कधीच घालायचं नसेल तर जरूर घ्या. घालायचं असेल तर लेनचा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या मार्गिकांचा, हिशोब बघा. ग्राफिक्स कार्डाला ७६०० पूर्ण १६ लेन देतो, ८६००जी ८ देतो आणि ८५००जी फक्त ४. आज वाचवलेले पैसे उद्याच्या कार्डाचा घास घेतात. दोन्ही जी मॉडेल्समध्ये एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ७६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे.

एएम४ (एएमडीचे प्रोसेसर बसवण्याचा आधीच्या पिढीचा सॉकेट) यापेक्षा स्वस्तात जमतं, आणि बजेट अगदीच ताणलेलं असेल तर ती वाईट वाट नाही. २०१७ मधल्या कित्येक एएम४ बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो, इतकं आयुष्य त्या सॉकेटला मिळालं. पण ती वाट आता संपत आलेली आहे. एएम५ हा नवा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला. ७०००, ८००० आणि ९००० या मालिका त्याच सॉकेटवर बसतात, आणि किमान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. पुढे वाढवायचं मशीन म्हणून हाच सॉकेट निवडला.

बोर्ड निवडताना दिव्यांपेक्षा चार गोष्टी पाहिल्या: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटवर) हीटसिंक, एसएसडीसाठी एम.२ चे दोन स्लॉट, मागे पुरेसे यूएसबी आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम न बसवताही बायोस अपडेट होतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या पोर्टमध्ये लावून बटण काही सेकंद दाबून ठेवायचं. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बायोसच्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायची वेळ आली की हेच बटण तारतं. रॅमचे चार स्लॉट नसले तरी बिघडत नाही, कारण एएम५ वर चार डीडीआर५ स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो.

एसएमपीएसवर जास्त खर्च केला, आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. '८० प्लस'चा शिक्का विजेची कार्यक्षमता सांगतो. संरक्षण सर्किट आणि कपॅसिटर कसे आहेत हे त्यावरून कळत नाही. वॉरंटी किमान पाच वर्षांची आणि पीसीआयई केबलला ६+२ पिनांची दोन टोकं, एवढं तरी पाहाच. मॉड्युलर केबलींबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावायची नाही, बसली तरी नाही. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रमाणित नसते, आणि चुकीची केबल एसएसडी किंवा बोर्ड क्षणात जाळते. प्रोसेसरची ४+४ केबल आणि कार्डाची ६+२ केबल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतली १२ व्होल्ट आणि ग्राउंडची बाजू उलट असते. प्लग अडला तर जोर लावू नका, तो अडण्यासाठीच तसा घडवलेला आहे.

जोडणी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्याच खोक्यावर केली. सॉकेटचा दांडा उचला, प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, प्रोसेसर अलगद ठेवा, दाबू नका. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला. दांडा खाली आणताना बराच जोर लागतो, करकर आवाज येतो आणि काळं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप उडतं. यातलं काहीच बिघडल्याचं लक्षण नाही. बरोबर आलेला छोटा कूलर बसवण्याआधी बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या चार स्क्रू काढून वेगळ्या कराव्या लागतात. एएम४ मध्ये अशा वेळी मागची प्लेट खाली पडते, एएम५ मध्ये ती सॉकेटलाच धरलेली असते. कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली आहे, वर आणखी लावू नका. चारही स्क्रू तिरपे-तिरपे, दोन-दोन फेरे देत आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर समोरचा धाग्यावर बसत नाही.

रॅमची स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही. मग बाहेरच ठेवून एसएमपीएस आणि मॉनिटर लावा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन चालू करून पाहा. पहिल्यांदा पडदा कित्येक मिनिटं काळा राहतो. बोर्ड त्या वेळी रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे कोणत्या वेळमापांवर ती स्थिर चालते ते शोधत असतो. या काळ्या पडद्याला घाबरून लोक वीज बंद करतात, मग ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं आणि मशीन मेलं असं वाटायला लागतं. किमान पंधरा मिनिटं हात लावू नका.

कॅबिनेटमध्ये बसवताना दोन गोष्टी सांभाळा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा धातूचा खुंट) कॅबिनेटमधून काढून टाका, नाहीतर बोर्डाच्या मागे शॉर्ट होतो. आणि प्रोसेसरची पॉवर केबल बोर्ड बसवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्या, नंतर हात जात नाही.

बायोसमध्ये सर्वांत आधी अपडेट. २०२३ मध्ये काही एएम५ प्रोसेसर जादा एसओसी व्होल्टेजने (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजने) जळाले होते, त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर रोखलेलं आहे. मग एक्स्पो, म्हणजे रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग, चालू करा. ते विसरलं तर ६००० ची रॅम ४८०० किंवा आसपासच्या वेगावरच चालत राहते आणि कळतही नाही. त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासण्याचा प्रोग्राम चालवा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली घ्या. पुढे विंडोज घातल्यावर बायोस अपडेट करणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी बाहेर लिहून ठेवा. अपडेटनंतर टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा भाग) रीसेट होऊ शकतो आणि मशीन तीच की मागतं. विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशनसाठी नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर तयार असू द्या, नव्या बोर्डांचं लॅन आणि वायफाय कित्येकदा ड्रायव्हर घातल्याशिवाय दिसत नाही.

आता रोजचा वापर. पहिले काही आठवडे सर्वांत जास्त त्रास पंख्याच्या आवाजाने दिला. रायझनचं तापमान साध्या ब्राउझरनेही क्षणात वर उडी घेतं आणि छोट्या कूलरचा पंखा दर वेळी घूं करून धावतो. उपाय फुकट आहे: बायोसमध्ये पंख्याचा 'स्टेप-अप' (वेग वाढवण्याआधी थांबायचा) वेळ चार-पाच सेकंद करा आणि ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा. सलग जड कामात, व्हिडिओ रेंडर करताना, हा कूलर ७६०० ला ९० च्या घरात नेतो. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे धोका नाही, आवाज मात्र आहे. बायोसमधल्या पीबीओ सेटिंगमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरच्या विजेची मर्यादा, ८८ वॅटवरून ६५ वर आणली. तापमान आणि आवाज दोन्ही उतरले, कामाच्या वेगातला फरक नेहमीच्या वापरात जाणवला नाही.

पहिली चूक रॅमची. एक स्टिक आत्ता, दुसरी नंतर, हा बेत कागदावर छान वाटतो. पण एका स्टिकवर रॅमचा बँडविड्थ (डेटा ने-आणीचा वेग) निम्मा मिळतो आणि आतलं ग्राफिक्स त्यावरच जगतं. सहा महिन्यांनी तोच मॉडेल नंबर आणला, तर आतल्या चिपा वेगळ्या निघाल्या. दोन्ही मिळून ६००० वर स्थिर राहिल्या नाहीत, ५६०० वर थांबावं लागलं. पहिल्याच दिवशी १६-१६ ची जोडी घ्या, नसेल परवडत तर दुसरं काही लहान करा. ८-८ ची जोडीही टाळा, त्या स्टिकांवर चिपा कमी असल्याने त्या जरा संथ पडतात आणि पुढे टाकूनच द्याव्या लागतात.

दुसरी चूक एसएसडीची. ५०० जीबीची क्यूएलसी (स्वस्त, पण लिहायला संथ चिपांची) ड्राइव्ह रिकामी असताना चपळ होती. तीन चतुर्थांश भरल्यावर मोठी फाइल कॉपी करताना वेग जुन्या हार्ड डिस्कसारखा कोसळतो, कारण वेगवान लेखनासाठी वापरली जाणारी एसएलसी कॅश रिकाम्या जागेतूनच येते. टीएलसी (त्यापेक्षा वेगवान चिपांची) १ टीबी घ्या. ड्राइव्हवर वेगळी डीरॅम (तिची स्वतःची छोटी मेमरी) नसली तरी चालेल, अशा ड्राइव्ह मशीनच्या रॅममधली थोडी जागा वापरून काम भागवतात.

ग्राफिक्स कार्ड पाचव्या महिन्यात आलं: आरएक्स ७६००, १६५ वॅट, ८ पिनांचा एकच प्लग. एसएमपीएस बदलावा लागला नाही, कॅबिनेटमध्ये जागा होती, प्रोसेसरच्या लेन पुरल्या. सुरुवातीचा जादा खर्च त्या दिवशी वसूल झाला. एक धडा मात्र घ्या: दुसरी एसएसडी कार्डाआधी बसवा. बहुतेक मायक्रो-एटीएक्स बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट कार्डाच्या पोटाखाली जातो, आणि तिथे पोहोचायला कार्ड काढताना मागचं लॅच सापडेपर्यंत बोटं सोलतात. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा. बोर्डालाच राहिली तर चित्र दिसत राहतं आणि नवं कार्ड संथ कसं, हे कोडं सुटत नाही. बायोसमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू आहे ना, तेही तपासा.

धुळीची जाळी महिन्यातून एकदा झटकली की पुरतं. हवेने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरली तर बेअरिंग आणि मोटर दोन्हींना ताण बसतो.

यापुढचा बदल प्रोसेसरचा असेल, आठ कोरचा एक्स३डी (जादा कॅश असलेला). त्यासाठी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस नवा करून घ्यायचा, आणि १५५ ते १६० मिलिमीटर उंचीचा टॉवर कूलर कॅबिनेटमध्ये मावतो का ते मोजून ठेवायचं. पहिल्या दिवशी उडालेलं ते काळं झाकणही जपून ठेवा. बोर्ड कधी प्रोसेसरशिवाय वॉरंटीला पाठवायचा किंवा विकायचा झाला, तर पिनांवर तेच लावावं लागतं.