मे प्लॉयची रेड करी पेस्ट: ऑफिसवरून येऊन पोर्क करी करायची असेल तर हीच घ्या

सरळ सांगते, थाई करी पेस्टमध्ये मला हीच सगळ्यात जास्त पटलीये. मे प्लॉयची लाल, ४०० ग्रॅमचा प्लास्टिकचा डबा. थायलंडमध्येच बनते, चाओकोह नावाचं नारळाचं दूध मिळतं ना, त्याच कंपनीची आहे. महाग आहे, देशी ब्रँडच्या बाटलीपेक्षा बरीच महाग, पण त्या बाटल्यांपैकी एक आणली होती तर त्यात व्हिनेगर आणि साखरच जास्त लागत होती, गवती चहाचा वास शोधावा लागत होता. हिच्यात तसं नाही. लाल सुकी मिरची, लसूण, गवती चहाचा दांडा, छोटे कांदे, गलांगल (आल्यासारखंच थाई कंद), मखरूट नावाच्या थाई लिंबाची साल, मिरी, मीठ आणि कोलंबीची आंबवलेली पेस्ट, बास. हो कोलंबी आहे, तेव्हा शाकाहारी माणसं किंवा कोलंबीची अ‍ॅलर्जी असलेले यांनी लांब राहा. डबा उघडल्या उघडल्या जो वास येतो तो काहींना झेपत नाही, आम्ही वसईचे, सुक्या जवळ्यात वाढलेले, त्यामुळे आम्हाला काही वाटत नाही, आणि तसाही परतल्यावर तो वास जिरतो आणि मागे नुसता खमंगपणा उरतो.

आता मुद्द्याचं, कारण पेस्ट चांगली असून पण लोकांची करी पांचट होते आणि मग नावं पेस्टला ठेवतात. आपल्याकडे नारळाचं दूध शेवटी घालतात, आणि घातल्यावर खळखळून उकळू देत नाहीत कारण फुटतं. थाई लाल करीत नेमकं उलटं, दूध मुद्दाम फोडायचं! चाओकोहचा टिन फ्रिजमध्ये ठेवला असेल तर वर घट्ट साय जमते, ती चार-पाच चमचे काढून कढईत टाकायची आणि मध्यम आचेवर ढवळत राहायचं, आधी बुडबुडे मोठे असतात मग बारीक होत जातात, आवाज बदलतो, उकळण्याचा थांबून तळण्याचा चालू होतो आणि कडेला तेल दिसायला लागतं. तेव्हा पेस्ट टाकायची. आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो की नाही, तेच, फक्त तेल नारळाचंच, त्याच कढईत सुटलेलं. तीन-चार मिनिटं परता, रंग विटकरी होतो आणि लाल तवंग वेगळा दिसतो. काही कंपन्यांच्या दुधात ते फुटू नये म्हणून काहीतरी घातलेलं असतं, लेबलवर इमल्सिफायर असं लिहितात, ते दूध कितीही आटवलं तरी लवकर तेल सोडत नाही, मग ऑफिसवरून आल्यावर त्याच्याशी झगडत बसू नका, एक चमचा साधं तेल घाला आणि पुढे चला.

पोर्कचं म्हणाल तर इथे वसईला अडचण नाही, रविवारी ताजं मिळतं. शोल्डरचा, थोडी चरबी असलेला तुकडा घ्यायचा, फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून जरा कडक झाला की धाग्याला आडव्या पातळ पट्ट्या सुंदर कापल्या जातात आणि मग एका वेळेला पुरतील अशी पाकिटं करून परत फ्रीझरमध्ये. सकाळी एक पाकीट खाली फ्रिजमध्ये काढून ठेवलं की संध्याकाळी तयार. इंद्यालला, म्हणजे आमच्याकडच्या आंबट-तिखट पोर्क करीला, घेतो तसे मोठे चौकोनी तुकडे इथे घेऊ नका, ते शिजायला तासभर लागतो आणि मधल्या वारी रात्री तेवढा वेळ कोणाला आहे. पट्ट्या परतलेल्या पेस्टमध्ये टाकल्या, रंग पालटला की उरलेलं दूध घातलं, सहा-सात मिनिटांत शिजतात, एक पट्टी तोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. अर्धा किलो पोर्क, ४०० मिलीचा एक टिन आणि पेस्ट दोन मोठे चमचे सपाट. हिच्यापेक्षा जास्त घालू नका, तिखट तर होईलच पण खारट जास्त होईल.

खारटपणा ही या पेस्टची खरी तक्रार आहे माझी. मीठ इतकं आहे की वेगळं मीठ अजिबात घालायचं नाही, फिश सॉससुद्धा शेवटी चाखून, अर्ध्या चमच्याने सुरू करायचा. ज्यांना बीपी आहे त्यांच्यासाठी ही पेस्ट नाही असंच मी म्हणेन. तोल सांभाळायला गूळ घाला, थाई लोक ताडाची साखर घालतात, आपला पिवळा गूळ चिमूटभर कमी घातला की जमतं.

आणि एक गोष्ट जी मला फार आवडते. याच लाल पेस्टमधून पनांगच्या जवळ जाणारी करी होते. पनांग म्हणजे लाल करीचीच दाट, कमी रश्शाची बहीण, त्यात धणे-जिरे असतात आणि शेंगदाणे. आता भाजून केलेलं दाण्याचं कूट कोणत्या मराठी घरात नसतं? पेस्ट परतताना धणे-जिरे पूड अर्धा चमचा, नंतर दोन मोठे चमचे कूट, पाणी अजिबात नाही, आणि करी आटू द्यायची पट्ट्यांना चिकटेपर्यंत. पोर्कच्या चरबीला दाण्याचा तो गोडसर दाटपणा इतका छान लागतो की साधी लाल करी आमच्याकडे आता मागे पडलीये. वरून मखरूटची पानं, मधली शीर काढून केसासारखी बारीक चिरून. ही पानं मात्र चुकवू नका. फ्रोझन मिळाली तर घेऊन ठेवा, महिनोन्महिने टिकतात, सुकी पाकिटातली घेऊ नका, त्यांना काही वास नसतो. आमच्या वाडीत लिंबाचं झाड आहे, त्याची कोवळी पानं घालून बघितली, वाईट नाही लागत पण ती मजा नाही. भाज्या घालायच्याच असतील तर फरसबी, बटाटा नको.

भात आधी लावा. भात लावल्यापासून करी होईपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा, पट्ट्या कापलेल्या असतील तर.

लहान मुलांसाठी तिखट आहे, त्यांच्यासाठी मेस्री या दुसऱ्या थाई ब्रँडच्या पेस्टचा ११४ ग्रॅमचा छोटा टिन बरा, सौम्य आणि गोडसर आहे आणि एक-दोन वेळात संपतो. मे प्लॉयचं पॅकिंग जरा वैतागवाडी आहे, डब्याच्या आत प्लास्टिकची पिशवी असते, ती कापली की परत नीट बंद होत नाही आणि फ्रिजभर वास, म्हणून मी सगळी पेस्ट काचेच्या बरणीत काढते आणि कोरडा चमचाच वापरते. १ किलोचा डबा स्वस्त पडतो असं वाटून घेऊ नका, आठवड्याला एकदा करणाऱ्या चौघांच्या घरालाही ४०० ग्रॅम आरामात पुरतो.