सोनेरी उजेडातले गरोदरपणाचे फोटो: सकाळ निवडावी की संध्याकाळ?

सातव्या-आठव्या महिन्यात मोकळ्या जागी फोटो काढून घ्यायचे ठरले, की फोटोग्राफर बहुधा सूर्यास्ताच्या आधीची वेळ सुचवतो आणि घरातले सगळे ती मान्य करून मोकळे होतात. परंतु सोनेरी उजेड दिवसातून दोनदा पडतो, आणि गरोदर स्त्रीच्या दृष्टीने या दोन वेळा सारख्या नाहीत. पुणे, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणचा किनारा एवढा टापू डोळ्यांसमोर ठेवून येथे दोन्हींची तुलना केली आहे. माझा स्वतःचा कल, किनारा आणि थंडीचे दिवस वगळता, सकाळकडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम या उजेडाच्या वेळेला फोटोग्राफर ‘गोल्डन अवर’ (सोनेरी तास) म्हणतात, त्यातल्या ‘अवर’विषयी. सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांच्या आत असतो, तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या कितीतरी जाड थरातून येतो, त्यातला निळा भाग वाटेतच विखुरला जातो आणि उरतो तो मऊ, पिवळसर-केशरी उजेड. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. त्याचा वेग तासाला सुमारे १४ अंश पडतो, म्हणजे हे ६ अंश अवघ्या पंचवीसेक मिनिटांत संपतात. लंडनमध्ये मार्च महिन्यात तेवढ्याच उतरणीला ४० मिनिटांच्या आसपास लागतात आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. त्यामुळे परदेशातल्या बहिणीने किंवा मैत्रिणीने ‘तासभरात तीन साड्या बदलून झाल्या’ असे सांगितले, तर ते तिच्याकडे खरे असेल, आपल्याकडे नव्हे. आपल्याकडे खऱ्या सोनेरी उजेडात एकच पेहराव नीट होतो आणि दुसरा त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या साध्या उजेडात उरकावा लागतो.

याच गणिताची दुसरी बाजू डोंगराची आहे. पश्चिमेला ५ अंश उंचीचा डोंगर आड असेल, तर सूर्य पंचांगात दिलेल्या वेळेच्या वीसेक मिनिटे आधीच दिसेनासा होतो, म्हणजे जवळजवळ सगळा सोनेरी वेळ डोंगराच्या पोटात जातो. मावळातल्या किंवा धरणाकाठच्या जागा दुपारी पाहून पसंत करणाऱ्यांची फसगत येथेच होते. सकाळसाठी हीच अडचण पूर्वेकडच्या डोंगराची. जागा पाहायला जायचे असेल, तर ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी जावे आणि ते काम नवऱ्याने किंवा फोटोग्राफरने करावे. तिला त्यासाठी दोनदा हेलपाटा नको.

फोटोग्राफरला संध्याकाळ का आवडते, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्याचे म्हणणे चुकीचे नसते. संध्याकाळी उजेड वाईटाकडून चांगल्याकडे जातो. साडेचारला पोहोचले, उन्हातच कुठे उभे राहायचे, मान किती वळवायची, पदर कसा धरायचा याची सवय झाली, की नेमक्या चांगल्या उजेडाला दोघेही सरावलेले असतात. सकाळी क्रम उलटा असतो. पहिली दहा मिनिटे सर्वांत सुंदर असतात आणि तेव्हाच माणसे अवघडलेली, झोपाळलेली असतात. कॅमेऱ्यापुढे मोकळेपणा येईपर्यंत ऊन पांढरे पडू लागते. दिवसभराच्या धुळीमुळे संध्याकाळचा रंगही अधिक तांबूस असतो. सकाळचा फिकट, काहीसा दुधाळ वाटतो. नदीकाठच्या शेतात त्यात धुक्याची भर पडते तेव्हा तो फारच देखणा दिसतो; शहराजवळ मात्र हिवाळ्यात थंड हवेने धूर खालीच दाबून धरलेला असतो, आणि गरोदरपणात अशा हवेत तासभर उभे राहण्यात काही शहाणपण नाही.

आता शरीराचा विचार. सर्वसाधारणपणे असे फोटो २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान काढले जातात, कारण पोट नीट दिसते आणि हालचाल अजून फार जड झालेली नसते. जुळी असतील तर त्याआधीच काढावेत, आणि रक्तदाब, रक्तस्राव किंवा विश्रांतीचा सल्ला असे काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नये. या आठवड्यांत संध्याकाळपर्यंत पावलांवर आणि बोटांवर सूज चढते, अंगठी रुतते, चपलेचा पट्टा दाटतो. सकाळी तेच पाय हलके असतात. त्यातच दिवसभराच्या नोकरीनंतर शहरातल्या रहदारीतून दीड तास बसून पोहोचलेली बाई प्रसन्न दिसावी, ही अपेक्षाच जरा निर्दय आहे.

संध्याकाळच्या बाजूने मात्र एक भक्कम मुद्दा आहे, तो तयारीच्या वेळेचा. नोव्हेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. सव्वासहाला जागेवर पोहोचायचे, वाटेत अर्धा तास, साडी-केस-मेकअपला दोन तास, असा हिशेब मांडला तर उठण्याची वेळ पावणेचारच्या आत येते, आणि रात्री चार वेळा उठावे लागणाऱ्या स्त्रीला हे सांगणे सोपे नाही. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रात्रीचा मुक्काम जागेजवळ करणे. कृषी पर्यटन केंद्रात खोली घेतली तर शेत, झाडे, कपडे बदलण्याची सोय आणि स्वच्छतागृह एकाच ठिकाणी मिळते. यातली शेवटची गोष्ट या महिन्यांत सर्वांत महत्त्वाची, आणि टेकडीवर नेमकी तीच नसते. दुसरा उपाय म्हणजे तयारी कमी करणे. साधा अंबाडा, गजरा, काजळ एवढ्यावर अर्ध्या तासात काम होते, आणि क्षितिजाजवळून पडणारा आडवा उजेड चेहऱ्याला असा खुलवतो, की जाड मेकअप उलट डोळ्यांत भरतो.

घरात आजी किंवा सासूबाई असतील, तर तिन्हीसांजेचा प्रश्न निघणारच. दिवेलागणीला गरोदर बाईने उंबऱ्याबाहेर, त्यातून झाडाखाली किंवा पाणवठ्यावर जाऊ नये, असे मानणारी पिढी अजून आपल्यात आहे. यावर वाद घालून कोणाचेच भले होत नाही; सकाळ निवडली की हा प्रश्न उद्भवतच नाही आणि आजी स्वतः सोबत येतात. शिवाय या समजुतीतला व्यवहाराचा भाग खराच आहे: सूर्यास्तानंतर आपल्याकडे काळोख चटकन पडतो आणि मुरमाड वाटेवर, बदललेल्या तोलाने, लांब घोळ सावरत उतरणे धोक्याचे असते. डासांबाबत मात्र कोणत्याच वेळेला झुकते माप देता येत नाही. डेंग्यू पसरवणारा डास भल्या सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी असा दोन्ही वेळा अधिक चावतो. कोणते मलम चालेल ते डॉक्टरांनाच विचारावे.

ऋतूनुसार निकाल बदलतो. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात, एप्रिल-मेमध्ये वळवाचेही तसेच, आणि मेमध्ये तर कातळ व माती सूर्यास्तापर्यंत धग सोडत असतात. तेव्हा या महिन्यांत सकाळच बरी. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. पुण्याची पहाट गारठ्याची असते, पातळ गाऊनमध्ये काटा आलेला फोटोतही दिसतो, म्हणून तेव्हा संध्याकाळ घ्यावी. याच सुमारास उसाला तुरे आलेले असतात आणि मावळतीचे ऊन मागून पडले की प्रत्येक तुरा पेटल्यासारखा दिसतो. फक्त बांधावरच उभे राहावे, उसाच्या आत शिरू नये. आषाढ-श्रावणात दिवस भरत असतील, तर सोनेरी उजेडाचा हट्ट सोडून ओसरीवर, झोपाळ्यावर, ढगाळ उजेडात फोटो काढावेत. तेही वाईट येत नाहीत.

किनाऱ्यावर संध्याकाळला पर्याय नाही. आपला समुद्र पश्चिमेला असल्याने पोटाची बाजूने दिसणारी काळी आकृती आणि मागे पाण्यावर टेकलेला सूर्य, हे चित्र फक्त मावळतीलाच मिळते. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या आणि काठावरच्या सुरूच्या, माडांच्या मागून उशिरा वर येतो, म्हणजे सोनेरी भाग बराचसा झाडांतच जातो. जो उजेड पोहोचतो तो चेहऱ्यावर समोरून पडतो आणि मागे निळा समुद्र राहतो. ज्यांना काळी आकृती नको, चेहराच हवा, त्यांना हे चालेल. संध्याकाळी चेहरा सावलीत असतो, त्यामुळे रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवणारा फलक) धरणारा माणूस सोबत हवा. वाऱ्याचाही फरक आहे: दुपारपासून खारे वारे समुद्राकडून वाहतात आणि लांब पदर किंवा ओढणी उडवायला ते उपयोगी पडतात, पहाटेचे मतलई वारे सौम्य असतात, केस जागेवर राहतात.

तारीख मात्र भरती-ओहोटी पाहूनच घ्यावी. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास भरती, वाळूचा अरुंद पट्टा आणि त्यावर गर्दी. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही दूरवर मागे गेलेले असते आणि ओल्या, चकचकीत वाळूत आकाशाचे प्रतिबिंब पडते. अमावास्येलाही तसेच. पुण्याहून दिवेआगरला ताम्हिणी घाटाने चार-पाच तास लागतात. आठव्या महिन्यात ती वळणे एकाच दिवशी दोनदा घेऊ नयेत. मुक्काम करावा, नाहीतर किनारा सोडून द्यावा.

कपड्यांबद्दल थोडेच सांगायचे आहे. हिरवी साडी डोहाळेजेवणात शोभते, पण हिरव्या शेतात ती मिसळून जाते. वाळलेल्या गवतावर किंवा वाळूवर ती उठून दिसते. जरीचा काठ मागून येणाऱ्या उजेडात छान चमकतो. गाऊन भाड्याने आणणार असाल तर त्याचा घोळ कोण उचलणार, हे आधी ठरवा. ब्लाउज महिनाभर आधी शिवला तर तो हमखास घट्ट होतो, म्हणून आत शिवण सोडायला सांगावी. फोटोआधी दोन तास घट्ट इलॅस्टिक घालू नये, त्याचे वळ त्वचेवर राहतात. पाठीवर उताणे झोपून काढायचे फोटो या महिन्यांत टाळावेत, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन भोवळ येऊ शकते. डाव्या कुशीवर टेकून बसणे बरे. सोबत पाणी, केळे किंवा लाडू आणि सपाट चप्पल असावी.

बयाणा देण्यापूर्वी फोटोग्राफरला एवढेच विचारावे: ढग आले किंवा तिला त्या दिवशी बरे वाटले नाही, तर जादा पैसे न घेता दुसरी तारीख मिळेल का? ती दुसरी तारीख पहिलीनंतर चार-पाच दिवसांतलीच हवी, आणि ३३ व्या आठवड्याच्या आत. किनारा असेल तर ती तिथी पाहून घ्यावी, कारण पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात पुन्हा अष्टमी येते.