कुशावतीचा काठ की तांबडी सुर्ला?

किनारे पाहून झाले, मंगेशी-शांतादुर्गा झाली, आणि पाहुण्यांना दाखवायला एकच दिवस उरला आहे. अशा वेळी गोव्याच्या आतल्या भागात दोन वाटा आहेत, जिथे इतिहास, रान आणि कला एकत्र भेटतात: मोलेच्या जंगलातली तांबडी सुर्ला आणि सांगे तालुक्यातला कुशावती नदीचा काठ. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

तांबडी सुर्ला पाहणं सोपं. कदंबकालीन महादेवाचं देऊळ, काळ्या पाषाणाचं. मंडपात मान वर करून छतावर कोरलेलं कमळ बघा, मग खांबाच्या बुडाशी घोड्याला तुडवणारा हत्ती शोधा. पाठीशी सह्याद्री, बाजूला नदी. आजी-आजोबा सोबत असतील किंवा पावसाळा असेल, तर डोळे झाकून इथेच जा. पण देऊळ लहान आहे, तासाभरात पाहून होतं. उरलेल्या दिवसात दूधसागर करू म्हणाल, तर कुळे गावातून धबधब्याकडे जाणारी जीप सकाळीच धरावी लागते, आणि पावसाळ्यात ती बंद असते.

कुशावतीचा दिवस मात्र भरगच्च. उसगाळीमळला, म्हणजे पणसायमळला, नदीकाठच्या जांभ्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरल्या आहेत: बैल, हरणं, मोर, माणसं, आणि एकात एक गुंतलेल्या वर्तुळांचा तो विलक्षण चकवा. या आकृत्या १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेत आल्या. आकृत्यांच्या वयाबद्दल अजून एकमत नाही. कोकणातल्या कातळशिल्पांसोबत ही जागाही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. इथे भिंत नाही, गाभारा नाही. ज्या नदीकाठी चित्र सुचलं, तिथेच ते उघड्यावर पडून आहे. म्हणून माझा कौल इकडे.

अट एकच, उजेडाची. भर दुपारी गेलात तर नुसता कातळ दिसेल. सकाळचं किंवा उतरतं तिरपं ऊन रेषांमध्ये सावली भरतं, तेव्हा बैलाचं वशिंड उठून दिसतं. पावसाळ्यात नदी चढते आणि चित्रं पाण्याखाली जातात, त्यामुळे हिवाळाच बरा.

जवळच रिवणच्या गुंफा आणि जांबावलीचं दामोदर देवस्थान आहे. शिगम्यात आलात तर तिथला गुलाल चुकवू नका. पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी. तळातून सतत बुडबुडे वर येत राहतात, आणि मुलं तिथून हलायला तयार नसतात. या बाजूला स्वतःची गाडी हवी आणि जेवणाचा डबाही.

कातळावर चपला काढूनच चाला. फोटो उठावदार यावा म्हणून रेषांत खडू भरू नका, कोणी भरत असेल तर त्यालाही थांबवा. जांभा मऊ असतो, झिजलेली रेष पुन्हा येत नाही.