जुन्या आय५ डेस्कटॉपवर बॉइंक: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॉइंक म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर संशोधन प्रोजेक्टची गणितं चालवणारा प्रोग्रॅम; मी तो जुनं मशीन तपासायला वापरतो. मशीन आय५-२४००, ४+४ जीबी डीडीआर३ रॅम, प्रोसेसरसोबत आलेलाच पंखा, लिनक्स. प्रोजेक्ट आइनस्टाइन अ‍ॅट होम. (जुने लेख वाचून बॉइंकचाच दुसरा प्रोजेक्ट सेटी अ‍ॅट होम शोधत बसू नका, त्यांनी नवं काम देणं मार्च २०२० मध्येच थांबवलं.)

कुलिंग कितपत टिकतंय हे प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारा प्रोग्रॅम) तासाभरात सांगतं, त्यासाठी बॉइंक नको. बॉइंकचा उपयोग वेगळा. तेच काम दुसऱ्या कुणाच्या मशीनलाही जातं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली जातात. त्यामुळे मशीन हँग न होता रॅम अधूनमधून एखादा बिट चुकवत असेल, तर ते इथे 'इनव्हॅलिड' म्हणून उघडं पडतं. घाई असेल तर मात्र उपयोग नाही. समोरच्याला १४ दिवसांची मुदत असते, तोवर निकाल 'पेंडिंग'.

आधी हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढा, त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिलने पुसा, मटाराएवढी नवी लावा. बसवल्यावर बोर्डाच्या मागून बघा, चारही पुश-पिना पूर्ण आरपार आल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तर हीटसिंक तिरका बसतो आणि लोड येताच तापमान काही सेकंदांत नव्वदीत जातं. बहुतेक जण अशा वेळी पेस्ट बदलत बसतात!

बॉइंकच्या सेटिंगमध्ये 'सीपीयू टाइम' १००च ठेवा आणि कोअर कमी करा, चारपैकी तीन. टाइम ५० केला की प्रोसेसर सारखा चालू-बंद होतो, तापमान आणि पंखा खालीवर होत राहतात.

'कॉम्प्युटेशन एरर' आली की लगेच रॅमवर खापर फोडू नका. प्रोजेक्टच्या साइटवर ते वर्कयुनिट (कामाचा तुकडा) उघडा. इतरांचीही तिथेच एरर असेल तर कामाची बॅचच खराब. फक्त आपल्याच मशीनला वारंवार 'इनव्हॅलिड' येत असेल, तर एकेक रॅम स्टिक काढून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा.

आणखी एक फसवी अडचण म्हणजे प्रोजेक्टशी संपर्कच होत नाही. इंटरनेट ठीक असेल तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित कनेक्शन नाकारलं जातं.

बिलाचा हिशेब सोपा आहे. प्लगवर १०० वॅट ओढत असेल तर चोवीस तास चालवून ३० दिवसांत ७२ युनिट. एवढ्यासाठी कायम चालू ठेवण्यात अर्थ नाही, तपासणीपुरते दोन-तीन आठवडे पुरतात. मे महिन्यात तर दोनच कोअर.