क्लिप-इन, टेप, केराटिन की रिंग? ठाणे-नवी मुंबईत एक्स्टेन्शन लावण्याआधी

केसांना एक्स्टेन्शन, म्हणजे जोडकेस, लावून घेणं एका दुपारचं काम. ते निभावणं मात्र पुढच्या प्रत्येक न्हाण्याचं, प्रत्येक विंचरण्याचं काम असतं. त्यामुळे 'यातलं सगळ्यात छान कोणतं दिसतं?' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: तेल लावता का? लोकलनं जाता का? आठवड्यातून किती वेळा न्हाता? डोक्यावरून न्हाल्यावर केस वाळवायला सकाळी वेळ असतो का? चांगल्या हातानं लावलं तर सगळेच प्रकार छान दिसतात, निवड ठरते ती या उत्तरांवर. मी ठाण्यात केसांचंच काम करते. टेप लावते आणि दुसरीकडे लावलेले सगळे प्रकार काढूनही देते. काढताना टाळूवर आणि मुळांशी जे दिसतं, त्यावरून माझी मतं बनली आहेत.

लग्नापुरतं हवं असेल तर

हळद, लग्न, रिसेप्शन एवढ्यासाठीच लांब आणि दाट केस हवे असतील तर क्लिप-इन (क्लिपांनी अडकवायच्या केसांच्या पट्ट्या) घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. आपल्या आज्या गंगावन लावायच्या, त्याच घरातलं हे नवं भावंड. सकाळी लावायचं, रात्री काढायचं. पूर्ण सेट साधारण 100 ते 160 ग्रॅमचा असतो, पण अंबाडा घालून वर गजरा माळायचा असेल तर त्यातल्या निम्म्या पट्ट्याही पुरतात. दोन दिवसांच्या समारंभासाठी महिनोन्महिने राहणारे बाँड, म्हणजे केसांना चिकटवलेले जोड, लावून घ्यायचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका.

बऱ्याच मेकअप आर्टिस्ट आपले केस सोबत आणतात. ते पॅकेजमध्ये धरलेले आहेत का आणि रंग तुमच्या केसांच्या टोकांशी जुळतो का, हे ट्रायलच्या दिवशी, दिवसाउजेडी पाहून घ्या. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली काळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात. मंगल कार्यालयात फोटोग्राफरचा दिवा पडला की फरक उघडा पडतो. साधं सिंथेटिक अंबाड्यात लपून जातं, पण त्यावर कर्लिंग रॉड फिरवू देऊ नका, ते वितळतं.

टेप आणि केराटिन: खरी निवड इथेच

रोज मिरवायला हवं म्हणणाऱ्या बहुतेक जणी शेवटी या दोघांत अडकतात.

टेपमध्ये तुमच्या केसांची एक पातळ बट घेऊन तिच्या वर एक आणि खाली एक अशा दोन चिकट पट्ट्या दाबतात. सगळी करामत त्या बटेच्या जाडीत आहे. बट जाड घेतली तर दोन्ही टेप एकमेकींना नीट चिकटत नाहीत आणि चार-सहा दिवसांत सरकायला लागतात. फार पातळ घेतली तर पट्टीचं सगळं वजन मोजक्या केसांवर येतं आणि तेवढीच जागा ओढली जाते. टेपच्या वरच्या कडेतून टाळूचा थोडा भाग मोकळा दिसला पाहिजे, पट्टी टाळूला टेकता कामा नये. कामाची सफाई बघायची तर इथे बघा. केस वर उचलून आरशात मागची रांग दाखवायला सांगा. रांगा सरळ आहेत का, भांगाजवळ आणि मानेवरच्या कोवळ्या केसांना पट्टी लावलेली नाही ना, हे तुम्हालाही कळतं.

केराटिन बाँडमध्ये एकेक बारीक बट वेगळी लावतात. तिच्या टोकाला केराटिनयुक्त चिकट पदार्थ असतो, तो गरम चिमट्यानं वितळवून तुमच्या केसांभोवती बोटांनी वळतात. पूर्ण डोक्याला अशा शंभर ते दीडशे बटा लागतात, म्हणून बसायला वेळ जास्त लागतो. फायदा असा की सगळ्या बटा सुट्या हलतात. वर बांधलेली पोनी, बाजूचा भांग, मोकळी वेणी, सगळं जमतं. टेप लावून उंच पोनी बांधली तर पट्ट्या डोकावतात.

टिकण्याचा हिशेब असा. आपले केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. टेप सहा ते आठ आठवड्यांनी काढून पुन्हा वर लावावी लागते. तेच केस नवीन टेप लावून परत वापरता येतात. केराटिन तीन ते चार महिने राहतं. ऐकायला केराटिन सोयीचं वाटतं, पण तीन महिन्यांत मुळाशी काय साठतं तेही बघा. प्रत्येकीचे दिवसाला पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. बाँडमध्ये अडकलेल्या बटेतले गळालेले केस खाली पडत नाहीत, तिथेच लटकतात आणि बाँडच्या वर गुंता धरतात. म्हणून बाँड काढल्यावर हातात मोठा पुंजका येतो आणि बाई रडकुंडीला येते. अशा वेळी मी त्यातला एक केस पांढऱ्या टॉवेलवर ठेवून दाखवते. मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर तो नेहमीसारखा गळालेला, अडकून राहिलेला केस. गाठ नसून टोक मधूनच तुटलेलं असेल तर मात्र काढणाऱ्यानं किंवा लावणाऱ्यानं केस तोडलेले आहेत.

काढण्याची पद्धत दोन्हींत वेगळी. टेपला द्रावण लावून ती सुटेपर्यंत थांबायचं, मग पट्टी हलकेच सरकवायची. केराटिनला द्रावण लावून बाँड चिमट्यानं चुरायचा, पुन्हा द्रावण, पुन्हा चुरायचा. घाई केली की नुकसान केराटिनमध्ये जास्त होतं. घरी नेलपॉलिश रिमूव्हरनं काढायचा प्रयोग तर कृपा करून करू नका.

आता तेल. टेपला आणि केराटिनला तेल वैरी आहे. रविवारी खोबरेल तेल चोळून न्हायची ज्यांची सवय आहे, त्यांनी मुळाशी तेल लावणं थांबवायला हवं, फक्त टोकांना लावता येतं. कंडिशनरही बाँडच्या खालीच. ही सवय मोडवणार नसेल तर यातलं काहीच घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. तेल लावणं वाईट नाही, पण टेप निसटणार म्हणजे निसटणार.

पाणी आणि हवाही धरा. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरिंगचं पाणी येतं, तिथे पाणी जड असेल तर केस राठ होतात, आणि एक्स्टेन्शनचे केस तर जास्तच, कारण त्यांना मुळातून तेलकटपणा मिळत नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी मिळणाऱ्या घरांत हा त्रास कमी. पावसाळ्यात दोन्हीकडे सारखीच गत: सकाळी ओले केस बांधून ट्रान्स-हार्बरची लोकल गाठली की मुळं संध्याकाळपर्यंत ओली राहतात. बाँडच्या जागी कुबट वास आणि खाज सुरू होते ती यामुळे. जून ते सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच लावणार असाल तर हेअर ड्रायर घरात हवाच, आणि तो मुळांना गार हवेवर मारायचा.

माझं मत विचाराल तर सरळ, बारीक केसांना टेप. दर दीड-दोन महिन्यांनी टाळू कोणीतरी नीट बघतं, हाच मला तिचा सर्वांत मोठा फायदा वाटतो. केस मध्यम ते दाट असतील, रोज वेगवेगळी रचना करायची असेल आणि तीन महिन्यांनी न चुकता काढायला जाणार असाल, तर केराटिन.

रिंग आणि शिवलेले ट्रॅक

मायक्रोरिंगमध्ये गोंदही नाही आणि उष्णताही नाही. बारीक धातूच्या कड्यातून तुमची बट आणि नवी बट ओवून कडं दाबायचं. आतून सिलिकॉनचं अस्तर असलेलीच कडी घ्या, नुसती धातूची केस कापतात. दाट केसांना चांगली. विरळ केसांत ती दिसतात आणि ओढ देतात. तेलानं ती विरघळत नाहीत, पण बुळबुळीत केसांवरून सरकतात.

शिवलेले ट्रॅक म्हणजे टाळूलगत घट्ट वेण्या घालून त्यांवर केसांची पट्टी शिवणं. आपल्या दमट हवेत त्या वेण्या आतून वाळत नाहीत आणि सततच्या ताणानं कपाळालगतची केसांची रेषा मागे सरकू शकते. मी हा प्रकार सुचवत नाही.

केस गळत असतील तर थांबा

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर केस झपाट्यानं गळतात. थायरॉइडमुळे, रक्तात लोह कमी असल्यामुळेही गळतात. अशा वेळी एक्स्टेन्शनचं वजन टांगणं म्हणजे उरलेल्या केसांवर अन्याय. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची वर्षभरात आपोआप आवरते. मधल्या काळात भांगाजवळ विरळ दिसतं त्यासाठी क्लिपचा टॉपर (माथ्यावर बसवायचा केसांचा तुकडा) मिळतो, तो रात्री काढून ठेवता येतो. स्टायलिस्टला गळतीबद्दल खरं सांगा, लाजू नका.

पट्टीतले केस कुठले?

दुकानात 'ब्राझिलियन', 'रशियन' अशी नावं ऐकवतात. आपल्या केसांशी जुळतात ते भारतीय केसच, आणि त्यांचा मोठा साठा तिरुमलासारख्या देवस्थानांत अर्पण केलेल्या केसांतून येतो. देवस्थान त्यांचा लिलाव करतं. एका दिशेनं, मूळ वर आणि टोक खाली असे राखलेले केस म्हणजे रेमी. दुसरा स्रोत म्हणजे दारोदार फिरून विंचरलेल्या केसांचे गुंतवळ गोळा करणारे, बदल्यात भांडी किंवा क्लिपा देणारे. त्या गुंतवळात दिशा राहत नाही. मग आम्लानं केसांवरचे खवले काढतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. पहिल्या दिवशी हेच केस जास्त चमकतात. काही न्हाण्यांत थर उतरला की गुंता सुरू.

ओळखायचं कसं? बट बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं सरकवा. रेमी असेल तर किंचित खरखर लागते, उलट दिशेला गुळगुळीत. सिंथेटिकची शंका असेल तर एक केस जाळून बघा. माणसाचा केस राख होतो आणि जळक्या केसांचा ओळखीचा वास येतो, सिंथेटिक वितळून गोळी होते. नमुन्याची बट घरी नेऊन दोनदा धुऊ देणारा विक्रेता मला विश्वासाचा वाटतो.

पैसे

एकाच आकड्याची तुलना करू नका. केसांचे पैसे (ग्रॅमवर की सेटवर?), लावण्याचे, दर वेळी वर सरकवण्याचे आणि शेवटी काढण्याचे, असे चार आकडे वेगळे लिहून मागा. केवळ हिशेब कळावा म्हणून धरा: टेपचे केस लावण्यासकट 24,000 आणि दर सात आठवड्यांनी 4,000, तर वर्षात सात फेऱ्या होऊन एकूण खर्च 52,000 झाला. 15,000च्या क्लिप-इन सेटला पुढे काही नाही. सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तो भावात धरलाय की वेगळा, तेही विचारा.

कोणाकडे?

मॉलमधल्या साखळी सलूनमध्ये पावती मिळते, तक्रार ऐकणारा मॅनेजर असतो, जागा स्वच्छ असते. अडचण माणसांची. आज ज्या मुलीनं लावलं ती दोन महिन्यांनी वाशीच्या किंवा सीवूड्सच्या शाखेत बदलून गेलेली असते आणि तुमचं डोकं नवशिक्याच्या हाती येतं. राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतली, नेरूळ-खारघरच्या सेक्टरांतली छोटी पार्लरं उलट. ताई तुमचे केस वर्षानुवर्षं ओळखतात, पण एक्स्टेन्शन वर्षातून दोनदाच लावत असतील तर हात बसलेला नसतो. फक्त एक्स्टेन्शनचं काम करणारे स्टुडिओ महाग असतात. माझा कल तरीही त्यांच्याकडेच आहे, कारण त्यांच्याकडे लावण्याइतकंच काढण्याचं काम रोज येतं. घरी येऊन लावणाऱ्यांकडून क्लिप-इन शिवून घ्या, टॉपर कापून घ्या. केराटिन नको, काही बिनसलं तर तुम्ही त्यांना कुठे शोधणार?

अंतरही मोजा. कळव्याहून बेलापूरला स्वस्त पडतं म्हणून गेलात, तर दर सात आठवड्यांनी जाण्याची उमेद राहील का? टेप लांबणीवर टाकली की मुळाशी जटा होतात. पुढच्या फेऱ्या टळणार नाहीत इतक्या जवळचा स्टायलिस्ट मी निवडीन, मग लावण्याचे पैसे थोडे जास्त पडले तरी चालतील.

पहिल्या भेटीत लावलेल्या डोक्यांचे फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही काढल्यानंतरचे मागा. बोलताना त्यांनी तुमचे केस सोडवून मुळं, भांग आणि कानामागची जागा हातानं तपासली का, याकडे लक्ष ठेवा. खांद्याच्या वर कापलेल्या केसांना बावीस इंच जोडायला 'हो' म्हणणारा माणूस टाळा. तिथे कापाची पायरी लपत नाही. गोंदाची ॲलर्जी तपासायला आधी एक-दोन पट्ट्या लावून काही दिवस ठेवायची तयारी आहे का, हेही विचारा. केसांची ऑर्डर रंग आणि ग्रॅम ठरल्यावरच द्यायची, ॲडव्हान्सही तेव्हाच.

लावल्यावर पहिले 48 तास न्हायचं नाही, व्यायामाचा घाम आणि सोसायटीच्या पूलचं क्लोरीनही टाळायचं. पहिल्या रात्री थोडं जड वाटतं. तिसऱ्या दिवशीही उशीवर डोकं ठेवताना दुखत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या दिसत असतील, तर सवय होईल म्हणून सोसू नका, त्याच दिवशी जाऊन तेवढ्या बटा काढून घ्या. आठवड्याभरानं होणारी तपासणी भावात धरलेली असली पाहिजे, आणि ती तारीख लावण्याच्या दिवशीच पावतीवर लिहून घ्या.