गनमनने मध्ये कधी पडावं? बँक, कॅश व्हॅन, रुग्णालय आणि कारखान्याचं गेट

शाखेच्या दारात दुनळी घेऊन बसणारे बहुतेक गनमन अख्ख्या नोकरीत एकदाही चाप न ओढता निवृत्त होतात. म्हणूनच माणूस नेमताना पगार, परवाना आणि गणवेश एवढंच विचारलं जातं. काउंटरवर कुणी कॅशियरच्या कॉलरला हात घातला तर गनमनने उठायचं की बसून राहायचं, हे कुठल्याच कागदावर नसतं. मग तसा दिवस उगवतो आणि तो एकतर जागचा हलत नाही, नाहीतर बंदुकीसकट गर्दीत घुसतो. यातली दुसरी चूक कितीतरी महागात पडते. बंदूकवाला भांडणात शिरला की भांडणात बंदूकही शिरते.

पतसंस्थेचे संचालक, शाखाधिकारी, रुग्णालयाचे प्रशासक, कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, म्हणजे ज्यांना असा लेखी आदेश काढायचा आहे त्यांच्यासाठी ही तुलना.

आधी अधिकार किती ते पाहू

खासगी एजन्सीच्या गनमनला पोलिसाचे अधिकार नसतात. बळ वापरण्याचा त्याचा हक्क रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाइतकाच. हा खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (जुन्या दंड संहितेत ९६ ते १०६). तो स्वतःपुरता नाही, दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या बचावासाठीही आहे. समोरचा दारूच्या नशेत किंवा मनोरुग्ण असला तरी कलम ३६ प्रमाणे हक्क तोच राहतो. पण कलम ३७ दोन लगाम घालतं: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

पकडून ठेवण्याबद्दल गार्ड लोकांत बराच गैरसमज आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, खटला यांची रीत सांगणारा कायदा) कलम ४० नुसार सामान्य माणूस दुसऱ्याला तेव्हाच पकडू शकतो, जेव्हा त्याच्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडतो, किंवा समोरचा न्यायालयाने जाहीर केलेला फरारी असतो; आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. साधी थप्पड या व्याख्येत बसत नाही, साधी दुखापत अदखलपात्र आहे. म्हणजे थप्पड मारणाऱ्याला बाजूला ओढता येईल, पण स्टोअररूममध्ये कोंडून ठेवलं तर गुन्हा गार्डवरच. महाराष्ट्रात डॉक्टर किंवा परिचारिकेवर हात उचलला, तर मात्र वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराच्या २०१० च्या राज्य कायद्याने तो गुन्हा दखलपात्रही आहे आणि अजामीनपात्रही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. थप्पड तीच, पण बँकेत एक नियम आणि रुग्णालयात दुसरा.

‘मध्ये पडणं’ चार प्रकारचं

तोंडाने, अंगाने, शस्त्र हातात घेऊन, आणि गोळी झाडून. आदेशात या चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘गरज पडल्यास हस्तक्षेप करावा’ या वाक्याचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा तो लावतो.

तोंडाने समजावणं कुणीही करावं, पण शक्यतो गनमनने नाही. बंदूकवाला जवळ येऊन ‘शांत व्हा’ म्हणाला की तापलेल्या माणसाला ती धमकीच वाटते. शाखाधिकाऱ्याने काउंटरच्या बाहेर येऊन, हात दिसतील असे ठेवून, नाव घेऊन बोलावं आणि त्या माणसाला दाराजवळच्या खुर्चीकडे न्यावं. केबिनमध्ये नेऊ नये, तिथे दोघांनाही बाहेर पडायची वाट राहत नाही.

अंगाने सोडवणं हे पूर्णपणे निःशस्त्र गार्डचं काम. बाराबोअर दुनळी जवळजवळ चार फूट लांब असते. झटापटीत नळीचं टोक दुसऱ्याच्या हाती लागलं तर पीळ द्यायला तरफ त्याच्याकडे जाते आणि पट्टा गनमनच्याच गळ्याभोवती असतो. कमरेला रिव्हॉल्व्हर असेल तर एक हात सतत म्यानावर ठेवावा लागतो, मग सोडवणार एकाच हाताने. दोन भांडणाऱ्यांना सोडवायला दोन माणसं लागतात, एकेकामागे एक. एकटाच असाल तर एकाचे हात मागून धरण्याची चूक करू नका. धरलेला माणूस आयता मार खातो.

शस्त्र हातात घेणं आणि रोखणं यांतला फरक आदेशात ठळक हवा. हातात घेणं म्हणजे पाठ भिंतीला, बंदूक दोन्ही हातांत, नळी तिरकी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. रोखणं म्हणजे नळी माणसाकडे. धोका नसताना रोखलेली बंदूक हा खुद्द गनमनवरचा गुन्हा ठरू शकतो (गुन्हेगारी धाकदपटशा, न्याय संहितेचं कलम ३५१). शिवीगाळ, उधारीवरून तंटा, कर्ज नाकारल्याचा राग यांपैकी कशालाही नळी वर येत नाही.

राहिली गोळी. जीव जाईल इतकं बळ कधी चालतं ते न्याय संहितेचं कलम ३८ सांगतं. कामाच्या ठिकाणी त्यातले खरे उपयोगी मुद्दे तीनच: मृत्यूची रास्त भीती, जबर दुखापतीची रास्त भीती, आणि अॅसिड. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे, त्यात जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातली घरफोडी आणि जाळपोळ येते. हे कलम वाचून अनेक जण निर्धास्त होतात आणि कलम ४३ वाचतच नाहीत. जबरी चोरीत हा हक्क तात्काळ मृत्यूची, इजेची किंवा अडवलं जाण्याची भीती असेपर्यंतच टिकतो. पिशवी घेऊन पाठ फिरवून मोटरसायकलकडे पळणाऱ्यावर झाडलेली गोळी बचावात बसवणं फार कठीण. सद्भावनेनेही मर्यादा ओलांडली तर खून नाही, पण सदोष मनुष्यवध उरतो. बचाव होता हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर असतं, साक्ष अधिनियम २०२३ चं कलम १०८. त्यातल्या त्यात दिलासा असा की ते संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तशी शक्यता अधिक आहे इतकं दाखवलं तरी चालतं. ऐन झटापटीतल्या माणसाने बळ सोन्याच्या काट्यावर तोलावं अशी अपेक्षा न्यायालयंही ठेवत नाहीत. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. आदेश लिहिणाऱ्याने तो निकाल वकिलाकडून समजून घ्यावा.

हवेत गोळी हा पर्याय आदेशातून सरळ वगळा. हॉलमध्ये वर काँक्रीटचा स्लॅब असतो आणि खाली ग्रॅनाइट, छर्रे कुठे उसळतील याचा नेम नाही. शिवाय निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालण्याबद्दल शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

| प्रसंग | निःशस्त्र गार्ड | गनमन |
|---|---|---|
| आरडाओरड, शिवीगाळ | बोलतो, दाराकडे नेतो | जागेवर. नजर दारावर आणि हातांवर |
| थप्पड, कॉलर, दोन कर्मचाऱ्यांची मारामारी | सोडवतो | जागा सोडत नाही. ११२ ला फोन |
| कोयता किंवा सुरा बाहेर, पण मध्ये अंतर | लोकांना काउंटरमागे किंवा बाहेर काढतो | शस्त्र हातात, खांब किंवा टेबल मध्ये ठेवून मोठ्याने हुकूम |
| तोच माणूस कुणावर वार करायला धावला | लोकांना दूर ठेवतो | मागे कुणी नसेल तर गोळी |
| पिस्तूलवाले चारपाच जण, हॉलमध्ये ग्राहक | पायाखालचा अलार्म | त्यांनी इजा सुरू केली नाही तोवर गोळी नाही |
| लुटारू पळाले | गाडीचा नंबर, दिशा | गोळी नाही, पाठलाग नाही. दार बंद |

पाचव्या ओळीवर संचालक मंडळात हमखास वाद होतो: ‘मग गनमन ठेवला कशाला?’ दुनळीत दोन काडतुसं असतात आणि समोर चारपाच जण. रोख रकमेला बँकर्स इन्डेम्निटी विमा असतो. गनमनचा उपयोग लूट सुरू होण्याआधी आहे, कोलॅप्सिबल गेटला साखळी लावून एकावेळी एकच माणूस आत सोडण्यात आणि हेल्मेट किंवा रुमालाने तोंड झाकलेल्याला बाहेरच थांबवण्यात. त्याची खुर्ची दाराला खेटून असेल तर तो पहिल्याच धडकेत आडवा होतो. त्याला हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला आणि दार व काउंटर दोन्ही दिसतील असं बसवा.

अंतराचा हिशेब

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर याने १९८३ मध्ये दाखवलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातलं पिस्तूल काढून झाडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. २१ फुटांच्या आत आला की झाडा, असा याचा अर्थ नाही, तरी तो तसा शिकवला जातो. खरा अर्थ असा की मध्ये टेबल, खांब किंवा बंद जाळी हवी. दुनळी रिकामी ठेवून काडतुसं पट्ट्यात असतील तर बंदूक मधून उघडून, भरून, बंद करायला सरावलेल्या हातालाही काही सेकंद लागतात.

मग भरलेली ठेवावी का? गर्दीच्या शाखेत खुर्चीला टेकवलेली भरलेली बंदूक आम्ही सुचवणार नाही. बंदूक खाली पडून, साफ करताना किंवा खांद्यावरून उतरवताना सुटलेल्या गोळीने माणसं जखमी झाली आहेत. कॅश व्हॅनमध्ये मात्र उलट: रक्कम उतरवताना भरलेली, सेफ्टी लावलेली.

शस्त्र कुठलं, यावरही उत्तर बदलतं. बाराबोअरचे छर्रे ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच पसरतात. म्हणजे दहा यार्डांवर दहा इंचांचा वेढा, आणि प्रत्येक छर्रा स्वतंत्र गोळीच. ग्राहक आणि हल्लेखोर एकमेकांना खेटून असतील तर दुनळी निरुपयोगी आहे, हे गनमनला आधीच ठाऊक हवं. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर एकाच गोळीचं आणि गर्दीत सांभाळायला सोपं, पण सराव नसलेल्या हाताचा नेम पाच मीटरवरही चुकतो. ज्याला वर्षातून दोनदाही रेंजवर नेणार नाही, त्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर देऊ नका.

काडतुसांकडे कुणी पाहत नाही. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने राहिलेल्या काडतुसांचं पितळ हिरवं पडतं. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तर ते नळीत बसेनासं होतं किंवा आत अडकतं. काडतुसं कोरड्या डब्यात ठेवा, दर महिन्याला पुसा, जुनी सरावात संपवा.

ठिकाणानुसार

कॅश व्हॅनसाठी केंद्राचे २०१८ चे नमुना नियम स्पष्ट आहेत: दोन सशस्त्र गार्ड, दोन कस्टोडियन (रक्कम सांभाळणारे), एक चालक, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रक्कम नाही, चहापाणी असो की लघुशंका, एक सशस्त्र गार्ड गाडीपाशीच. रस्त्यात कुणी गाडीला घासल्याचं सांगून भांडण काढलं तर ते खरं भांडण नाही असंच धरायचं. गनमन खाली उतरत नाही, चालक काच खाली करत नाही, गाडी सरळ जवळच्या पोलीस ठाण्याकडे.

रुग्णालयात आमचं मत ठाम आहे: बंदूक अपघात विभागात नकोच. नातेवाइकांची गर्दी वीस-तीस जणांची, खाटांमध्ये जेमतेम हातभर जागा, आणि रागाचं कारण बहुतेक वेळा नुकताच झालेला मृत्यू. तिथे दणकट, निःशस्त्र, बोलता येणारे तीनचार गार्ड आणि बातमी सांगण्यासाठी वेगळी खोली जास्त काम करते. गनमन ठेवायचाच असेल तर बाहेरच्या फाटकावर.

कारखान्याच्या गेटवर कामावरून काढलेला माणूस एकटा येतो तेव्हा तक्ता लागू होतो. घेराव असेल तर होत नाही. बेकायदा कोंडून ठेवण्याविरुद्ध टोकाचं बळ चालतं खरं, पण सरकारी यंत्रणेची मदत मिळणारच नाही अशी भीती असेल तरच. फोन चालू आहे आणि पोलीस निघाले आहेत तिथे ती भीती कुठली? जमाव जमू लागला की बंदूक आत, कपाटात, कुलपाखाली.

गोळी सुटल्यानंतर

बंदूक सुरक्षित करून तिथेच ठेवा. रिकाम्या पुंगळ्या उचलू नका, फरशी पुसू नका. ११२ ला फोन करून रुग्णवाहिका आधी मागा, पोलीस नंतर; जखमी हल्लेखोर असला तरी. डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) बंद करू नका, पासवर्ड असलेला माणूस बोलावून घ्या. पोलीस शस्त्र जप्त करतील, गनमनच्या हातांचे नमुने घेतील, परवाना मागतील.

आणि तिथेच बऱ्याच संस्था अडकतात. परवाना स्वसंरक्षणासाठी दिलेला, त्याचं क्षेत्र दुसऱ्याच राज्यापुरतं, मुदत उलटलेली. किंवा शस्त्र संस्थेच्या नावावर आणि ते बाळगणाऱ्याचं नाव रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून परवान्यावर चढवलेलंच नाही. नेमणुकीच्या दिवशी मूळ परवाना हातात घेऊन शस्त्राचा क्रमांक, उद्देश, क्षेत्र, मुदत आणि रिटेनरचं नाव या पाच नोंदी तपासा. झेरॉक्सवर भागवू नका. एजन्सीकडून प्रशिक्षणाचा दाखलाही घ्या: केंद्रीय नमुना नियमांत नवख्यासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, माजी सैनिक किंवा पोलिसासाठी ४० आणि १६ तास. एकाच शाखेला दोन माणसं परवडत असतील तर दोन गनमन घेण्याऐवजी एक गनमन आणि एक निःशस्त्र गार्ड घ्या. वरच्या तक्त्यातला मधला रकाना भरायला तो दुसरा माणूस लागतोच.